सुस्पष्ट धमकीचे सात टेक

२ जानेवारी

नवीन डायरी. कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही. संकल्प: राग आवरणे. रोज सकाळी वाफ घेणे. नातीचा पहिला शब्द रेकॉर्ड करणे, तोही नीट माईकवर, मोबाईलवर नाही.

राग आवरण्याची सूचना हिची. खरं तर मला राग येत नाही. मला फक्त मुद्दा पटवायचा असतो, आणि आवाज मुळातच भरदार असल्यामुळे समोरच्याला तो राग वाटतो. हा आवाज माझा धंदा आहे. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणतो तो मी. बँकेच्या फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणतो तोही मीच. पार्किंगच्या मशीनमध्ये बसून लोकांना तिकीट घ्यायला लावतो. अख्खं शहर दिवसातून चार वेळा माझं ऐकतं. घरात कोणी ऐकत नाही, पण ते सगळ्यांचंच असतं.

९ जानेवारी

दुपारी व्याह्यांकडे. लेक-जावई त्यांच्याच घरात राहतात, त्यामुळे नात बघायची तर व्याही बघावे लागतात. माणूस वाईट नाही. चष्म्याचं दुकान आहे. बोलतो हळू, इतका हळू की माईकने कान टवकारावेत.

नात आठ महिन्यांची. मी प्रेमाने फक्त 'काय गं ठमाकाकू' म्हणालो. भोकाड पसरलं. व्याह्यांनी उचलून घेतली, लगेच गप्प. मग ते हसत म्हणाले की, तुमचा आवाज लिफ्टला शोभतो, पण बाळाला जरा भीतीच वाटते त्याची.

सगळे हसले. ही सगळ्यात जास्त. मीही हसलो. अगदी नैसर्गिक हसलो, आजवर तसंच हसायचे पैसे घेत आलो आहे.

१० जानेवारी

कालचं पूर्ण विसरलो आहे. नोंद एवढ्यासाठी की विसरल्याची नोंद असावी.

११ जानेवारी

व्याह्यांना एक लेख पाठवला. खर्जातल्या आवाजाने बाळं शांत होतात, असं संशोधन आहे. मनात काही नाही, निव्वळ माहिती. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

१२ जानेवारी

कदाचित इंग्रजी लेख समजला नसेल. मराठीत सारांश लिहून पाठवला. नंतर सारांशाचा ऑडिओ पाठवला. नंतर 'ऑडिओ मिळाला का' असं विचारलं. एवढं तर कोणीही विचारतं.

१५ जानेवारी

उत्तर नाही. आज दिवसभरात थोडे मेसेज गेले असतील. शेवटच्यात 'पळून कुठे जाणार' असं म्हटलं, पण ते वादाच्या संदर्भात. पुढे हसरा चेहरा टाकला होता.

१६ जानेवारी

व्याह्यांनी मला ब्लॉक केलं. याचा अर्थ त्यांच्याकडे मुद्दा नाही. हिच्या फोनवरून त्यांना तसं कळवलं. हिने फोन काढून घेतला आणि त्याचा पासवर्ड बदलला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, विश्वास कुठे गेला.

२४ जानेवारी

त्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. फुटपाथ सार्वजनिक आहे. सकाळी दुकान उघडल्यापासून जेवायच्या वेळेपर्यंत. काही केलं नाही, फक्त बघितलं. बघायला चष्म्याच्या दुकानासारखी जागा नाही, समोर सगळ्या काचाच.

२५ जानेवारी

पुन्हा गेलो. व्याही बाहेर आले. रस्ता ओलांडून आले आणि चहा घेता का असं विचारलं. मी ब्र काढला नाही. गेले परत. जाताना फुटपाथच्या कडेला अडखळले. वय.

२६ जानेवारी

लेकीचा फोन. म्हणाली की, बाबा, हे थांबवा, आबा घाबरलेत, दुकानात जायला नको म्हणतात. आबा म्हणजे तिचे सासरे. मी शांतपणे समजावलं की माणूस नुसता उभा राहिल्याची भीती वाटत असेल तर ती चोराच्या मनातलं चांदणं आहे. ती म्हणाली की मी ओरडतोय. मी ओरडत नव्हतो. फोन कानापासून लांब धरायची सवय लावा, असं मी घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे.

३ फेब्रुवारी

हिने बातमी आणली. नातीने पहिला शब्द उच्चारला. शब्द: आबा.

रेकॉर्डिंग नाही. साक्षीदार सगळे त्यांच्याच घरातले. त्यामुळे मी तो शब्द अधिकृत धरत नाही. शिवाय 'आबा' दोन अक्षरी, 'आजोबा' तीन अक्षरी, त्यात मध्ये ज. कुठलं बाळ आधी ज म्हणेल. स्पर्धाच मुळात सरळ नव्हती.

रात्रीचं जेवण गेलं नाही. हिला पित्त म्हणून सांगितलं.

४ फेब्रुवारी

आज काम केलं. शहाण्याला शब्दाचा मार.

योजना साधी. दुकान बंद झाल्यावर त्यांच्या दुकानाच्या फोनवर निरोपाचं मशीन लागतं. त्यावर निनावी निरोप सोडायचा. माझा मोबाईल वापरला नाही, मी काय दुधखुळा नाही. स्टुडिओतला फोन वापरला. रेकॉर्डिस्ट घरी गेला होता, आणि त्या खोलीत आवाज घुमत नाही.

मजकूर आधी लिहून काढला होता. असा: "लक्ष द्या. आपण एका निष्पाप बालिकेच्या मनात तिच्या आजोबांविषयी विष कालवत आहात. हे तात्काळ थांबवावे. अन्यथा आपले हातपाय जागेवर राहणार नाहीत. आपल्या दुकानाला काचा फार आहेत, हे ध्यानात ठेवावे."

पहिल्या टेकला तोंडावर रुमाल धरला, ओळखू येऊ नये म्हणून. पण रुमालातून 'हातपाय' नीट उमटेना. धमकी समजलीच नाही तर उपयोग काय. रुमाल काढून पुन्हा फोन केला. दुसऱ्या टेकला श्वास ऐकू आला. तिसऱ्याला 'बालिकेच्या'वर अडखळलो. चौथा बरा होता, पण 'अन्यथा'वर जोर कमी पडला. घोटभर पाणी प्यायलो. पाचव्याला खुर्ची करकरली. सहावा जवळजवळ झाला होता, तेवढ्यात बाहेर कुत्रं भुंकलं. सातवा मात्र असा गेला की काय सांगू. एकेक शब्द घासून पुसून. शेवटी सवयीने 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' निघून गेलं, पण त्याने उलट भारदस्तपणा आला.

बऱ्याच दिवसांनी इतकं छान काम झालं. येताना शिट्टी वाजवत आलो.

५ फेब्रुवारी

हलकं वाटतंय. वाफ घेतली. आता व्याही रात्रभर विचार करतील, कोण बरं असेल.

६ फेब्रुवारी

नाश्त्याला हिने विचारलं की व्याह्यांच्या दुकानात फोन केला होता का. मी म्हणालो, कोणी? ही म्हणाली की काल सकाळी मशीन लावलं तेव्हा काउंटरवर एक गिऱ्हाईक होतं, ते पहिल्याच वाक्याला म्हणालं, अरे, हा तर पार्किंगवाला. शेजारचा शिंपी धावत आला, त्याला वाटलं बँकेतून फोन आहे. विहीणबाईंनी तर 'लक्ष द्या'लाच ओळखलं.

मी म्हणालो की माझ्यासारखे आवाज काढणारे बरेच आहेत. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोस्ट पुढे सरकवला. मग म्हणाली की सातही निरोप त्यांनी जपून ठेवलेत.

सात कशाला ठेवायचे, मला कळत नाही. फायनल एकच असतो.

८ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यातून बोलावणं. गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, कारण गैरसमजच दूर करायचा होता.

इन्स्पेक्टर बाई आहेत. तरुण, पण कामात चोख. टेबलावर माझे सगळे मेसेज छापून ठेवले होते, फुटपाथचे फोटो होते, आणि निरोपाचं मशीन. तुमचा आवाज ओळखायला मला कोणी लागलं नाही, म्हणाल्या. बँकेच्या फोनवर अर्धं आयुष्य गेलंय माझं. मी आभार मानले.

मग त्या म्हणाल्या की एक निरोप असता तर रागाच्या भरात म्हणालात असं समजलं असतं, पण एकामागून एक सात म्हणजे पद्धतशीर आहे. धमकी, वर छळ, वर पाळत. मी समजावून सांगितलं की ही एकच धमकी आहे, तिचे टेक सात आहेत. सहा रद्द, सातवा ग्राह्य. धंद्याचा नियम आहे. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली. बारकाव्याची कदर करणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही डोक्याला हात लावून बसली. मग वकील शोधायला लागली. गरज नाही म्हणालो.

१२ फेब्रुवारी

वकीलबाई. हिच्या मैत्रिणीची भाची. आल्या आल्या विचारलं की पोलिसांसमोर कशावर सही केलीत. सांगितलं. त्यांनी उघडलेली वही मिटली.

त्यांचा विचार होता की 'रागाच्या भरात तोल गेला' असं कोर्टात सांगावं. म्हणून रेकॉर्डिंग ऐकलं. चौथ्या टेकनंतर मी फोन न ठेवता पाणी पितो, आणि 'छान, पण अन्यथावर जोर हवा' असं म्हणतो, ते सगळं त्यात आलं आहे. पाचव्याच्या आधी घसा खाकरून एक आलाप घेतला आहे. वकीलबाई म्हणाल्या की इतका तोल सांभाळलेला माणूस त्यांनी आजवर बघितला नाही. हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, तो कौतुकाचा नव्हता, असं ही नंतर म्हणाली.

मी विचारलं की खरोखर हातपाय तोडायचे नव्हते, हे सांगून चालणार नाही का. माझा स्वतःचा गुडघा धड नाही. त्या म्हणाल्या की कायदा गुडघा बघत नाही. ऐकणाऱ्याला भीती वाटली का आणि वाटावी म्हणून तुम्ही ते बोललात का, एवढं बघतो. दुसऱ्या मुद्द्यासाठी तर तुम्ही सात वेळा मेहनत घेतलीत.

आणि एक सांगितलं. त्या क्षणापासून व्याह्यांना फोन, मेसेज, निरोप, चिठ्ठी, काही नाही. मी हो म्हणालो. काय बाई आहे, लहान मुलाला सांगावं तसं दोनदा सांगितलं.

१९ फेब्रुवारी

कोर्ट. खोली लहान, पंखा आवाज करतो, बाकं लाकडी. माईक नव्हता. तरी मी बोललो ते मागच्या बाकापर्यंत गेलं, आणि न्यायाधीशांनी हळू बोलायला सांगितलं. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा व्याही दचकले. मी बघितलं. बाकावर अंग चोरून बसले होते.

मनाई हुकूम मिळाला. व्याही आणि विहीणबाईंशी कोणत्याही प्रकारे संपर्क नाही, स्वतः नाही, दुसऱ्यामार्फत नाही. घराच्या आणि दुकानाच्या आसपास फिरकायचं नाही. मोडलं तर अटक. खटला वेगळा चालणार.

म्हणजे त्यांचं घर बंद. त्यांचं घर बंद म्हणजे नात बंद. कायद्याने आजोबा-नातीची ताटातूट केली. दोन्ही डोळे पाणावले, ते पंख्यामुळेही असेल.

लेक कोर्टात आली नव्हती. बाळाला घेऊन कशी येणार.

२२ फेब्रुवारी

एक गंमत सुचली. व्याह्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माझाच आवाज आहे. म्हणजे हुकूम दर पाच मिनिटांनी मोडतोय आणि कोणी काही करू शकत नाही. फोनवर वकीलबाईंना सांगितलं, हसतील म्हणून. त्या हसल्या नाहीत. लिफ्टच्या कंपनीचं नाव विचारलं.

२३ फेब्रुवारी

संध्याकाळपर्यंत कंपनीने लिफ्ट मुकी केली. ही सांगत होती की लोक भलत्याच मजल्यावर उतरतायत. एक आजोबा दुसऱ्यांच्या घरात जाऊन सोफ्यावर बसले. यातून माझं महत्त्व सिद्ध होतं. कोणी तसं म्हणणार नाही.

४ मार्च

बँकेचा ईमेल. काम 'तूर्तास थांबवत आहोत'. आमच्या ग्राहकांना धीर वाटला पाहिजे, असं लिहिलं आहे. रेकॉर्डिस्टला विचारलं. त्याने आढेवेढे घेत सांगितलं की पार्किंगवाल्यांनीही एक मुलगी घेतली, कालच येऊन रेकॉर्डिंग करून गेली. ऐकवलं मला. आवाज पातळ, नाकात. कानामागून आली आणि तिखट झाली.

विमानतळाचं मोठं काम मात्र माझंच आहे, तोंडी ठरलंय. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा आहे. उद्या अर्ज करतो.

९ मार्च

दाखला मिळाला नाही. 'प्रकरण प्रलंबित' असा शिक्का आहे. विमानतळ गेलं.

ही रविवारी कुठेतरी जाते, बागेत म्हणे, आणि येताना डोळे लाल असतात. बागेत परागकण फार.

११ मार्च

ठरलं. माफी मागायची. मोठ्या मनाने. आपण पुढे झालं की विषय संपतो.

वकीलबाईंना विचारलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या. हुकुमात संपर्क नको असं आहे, माफी नको असं कुठेही म्हटलेलं नाही. माफी हा संपर्क नसतो, ती माणुसकी असते. पण सरळ गेलो तर व्याही घाबरून आरडाओरडा करतील. म्हणून गिऱ्हाईक होऊन जायचं. टोपी, मफलर, गॉगल. तोंडातून शब्द नाही. चष्म्याचा नंबर तपासायला आलोय अशी खूण करायची. आतल्या अंधाऱ्या खोलीत दोघंच असलो की टोपी काढायची, हात जोडायचे. डोळे भरून येतील, दोघांचेही.

१२ मार्च

सकाळी गेलो. सगळं योजल्याप्रमाणे. व्याह्यांनी ओळखलं नाही. घसा बसला आहे अशी खूण केली, त्यांनी मान हलवली. माणूस खरंच प्रेमळ आहे, गरम पाणी विचारलं. आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, दिवा मंद केला, गॉगल काढून डोळ्यांवर ती नंबर तपासायची जड फ्रेम चढवली. आता टोपी काढायची, तेवढ्यात ते म्हणाले की समोरच्या तक्त्यावरची वरची ओळ वाचा, जमेल तशी.

एवढी मोठी, ठळक अक्षरं. समोर तक्ता, मागे शांत खोली, आवाज न घुमणारी. इतक्या दिवसांत कोणी मला काही वाच म्हणालं नव्हतं. वाचली. दुसरी ओळही वाचली. तिसऱ्या ओळीला मागे काहीतरी खळकन पडलं. भिंगांची पेटी. व्याही भिंतीला टेकून उभे होते, पांढरेफटक.

मी हात जोडले. फ्रेममुळे ते मला दोन दिसत होते. माफी मागायला सुरुवात केली. ऐकू जावी म्हणून जरा मोठ्याने केली. ते खाली बसले. विहीणबाई आल्या आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला. मी पळालो नाही. उलट वाट बघत थांबलो, तेवढंच चांगलं दिसतं.

१४ मार्च

घरी. दोन दिवस कोठडीत होतो.

कोठडीबद्दल काही खास नाही. आवाज घुमतो. एकाने मला ओळखलं आणि 'दरवाजा बंद होत आहे' म्हणायला लावलं. म्हटलं. कोणी हसलं नाही. दार खरंच बंद होतं. मला तिथे फार एकटं वाटलं, आणि हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

फोन जप्त आहे. पोलीस म्हणतात पुरावा. वकीलबाईंनी जामिनावर सोडवलं. गाडीतून उतरताना म्हणाल्या की पुन्हा माफी मागावीशी वाटली तर आधी मला फोन करा, मी माझं सगळं काम बाजूला ठेवून येऊन तुमच्या तोंडावर हात ठेवेन.

२ एप्रिल

नवीन संकल्प: मौन. सकाळी एक तास.

३ एप्रिल

मौनात दूधवाल्याला खुणेने समजावताना भांडण झालं. त्याला वाटलं मी हाकलतोय. मौन रद्द, तब्येतीला चांगलं नाही.

५ मे

नातीचा पहिला वाढदिवस. मी घरी.

तिच्यासाठी एक गोष्ट रेकॉर्ड केली होती, सशाची. सगळे प्राणी मीच. वाघाचा आवाजसुद्धा मऊ काढला. हिला म्हणालो, ही देऊन ये. ही म्हणाली की मला आत पाठवायचंय का. दुसऱ्यामार्फतही नाही, असं हुकुमात आहे. मी म्हणालो, व्याह्यांना नको, नातीला दे. ही बराच वेळ पर्स उघडून बघत राहिली, त्यात काही नव्हतं.

केक कापताना त्यांच्या घरी कोण काय बोललं असेल, याचा दिवसभर विचार केला. बँकेच्या फोनवरही आता तीच पातळ आवाजाची मुलगी बोलते. घरच्या लँडलाईनवरून तीन वेळा लावून ऐकलं. रांगेत होतो.

९ जून

वकीलबाईंचा फोन. व्याही तडजोडीला तयार आहेत. मीच जिंकलो असं मी म्हणत नाही, पण शेवटी ते वाकले. अटी: कोर्टात सर्वांसमोर माफी, वर्षभर चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र, त्यात पुन्हा काही केलं तर थेट शिक्षा. कोठडीची नोंद कायम राहणार. दाखला यापुढेही अवघड.

मी विचारलं की माफी किती मोठ्याने. त्या म्हणाल्या, कुजबुजत.

१६ जून

माफी मागितली. कुजबुजत. न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावली, ऐकू आली नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा.

मग त्यांनी व्याह्यांना विचारलं की काही सांगायचंय का. ते उभे राहिले. म्हणाले की राग नाही. फक्त दुकानातला फोन वाजला की अजून हात चालत नाही, वाजत राहतो, गिऱ्हाईकं कंटाळून दुसरीकडे जातात. बँकेचा फोनही मुलाला करायला लावायचो. डॉक्टर म्हणाले आहेत, होईल कमी. एवढं बोलून बसले.

मला वाटत होतं ते दोन-चार शब्द चांगले बोलतील माझ्याबद्दल. सगळ्यांदेखत मान खाली घालून उभं राहणं म्हणजे गंमत नाही. पण हुकूम उठला. कागद हातात आला. घरात यायचं की नाही ते त्या घरातल्यांनी ठरवावं, असं न्यायाधीश म्हणाले. सुटलो.

येताना एक लाकडी बदक घेतलं, ओढायचं, खडखड वाजणारं. हिने ते मागच्या सीटवर ठेवलं.

१८ जून

आज लेकीला फोन केला. फोन परत मिळालाय. सकाळपासून आवाज बारीक करायचा सराव केला होता. म्हणालो की आता कायदा मध्ये नाही, नात कधी आणतेस.

ती म्हणाली की कायदा मध्ये कधीच नव्हता. हुकुमात आबांचं नाव होतं आणि सासूबाईंचं, घर होतं, दुकान होतं. तिचं नव्हतं, बाळाचं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. कुठल्याही रविवारी ती बाळाला घेऊन माझ्याकडे येऊ शकली असती. हिला बागेत भेटत होतीच.

मी म्हणालो, मग आली का नाहीस.

ती म्हणाली की त्या सकाळी दुकान तिने उघडलं होतं. मशीनचं बटण तिनेच दाबलं, बाळ कडेवर होतं. पहिला निरोप ऐकून वाटलं, बाबा चिडलेत, होतील शांत. दुसरा ऐकला, तिसरा ऐकला. पाणी प्यायल्याचा आवाज आला तेव्हा ती खाली बसली. म्हणाली, तुम्ही रागावला असता तर मला चाललं असतं, बाबा. लहानपणापासून सवय आहे. तुम्ही मजेत होता.

मी म्हणालो की तसं नव्हतं. ती म्हणाली, सात वेळा ऐकलंय मी.

मग कधी आणशील, असं विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. मी बरं म्हणालो. फोन तिनेच ठेवला.

ही शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. काय म्हणाली, असं विचारलं. मी सांगितलं की सध्या कामात आहे, जमेल तसं येईल. ही हं म्हणाली आणि पुढची चादर घेतली. एक टोक मला धरायला दिलं.